असोज पाच गते

परदेशातील खेड्यात आरोग्यसेवेसाठी जायचे म्हटले की डोळ्यांसमोर औषधे, इंजेक्शने आणि कृतज्ञ रोगी उभे राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नेपाळातील गोरखा जिल्ह्यातल्या एका लहानशा आरोग्य केंद्रात मी महिनाभरासाठी गेलो, तेव्हा माझेही तसेच झाले होते. वस्तुतः कला शाखेच्या विद्यार्थ्याला तेथे इंजेक्शनला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग त्याने करायचे काय?

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा, मग बस आणि शेवटी चार तासांची चढण. भारतीयाला व्हिसा लागत नाही. घड्याळ मात्र पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. पावसाळा सरत आला होता. पोहोचलो तेव्हा जळवांनी पाय रक्ताळले होते आणि पहिला रोगी मीच ठरलो!

दुसऱ्या दिवशी एक आजी म्हणाली, ‘पेट दुख्यो.’ मला लगेच समजले. लिपी आपली, ‘खोकी’ म्हणजे खोकला, ‘ज्वरो’ म्हणजे ताप. मला वाटले, हा परदेश नव्हेच. नेमका येथेच मी फसलो.

माझ्याकडे साधी कामे होती. मुलांची वजने करायची, नोंदवही लिहायची आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाला रंगीत पट्टी लावायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर पट्टीवर तांबडा रंग दिसतो. म्हणजे तीव्र कुपोषण. असे मूल ताबडतोब आत पाठवायचे. हे काम कोणीही शिकू शकतो, पण चुकून चालत नाही.

मग आम्हा परदेशी स्वयंसेवकांसाठी लसीकरणाचे वेळापत्रक इंग्रजी तारखांत करण्याचे काम माझ्याकडे आले. वरच्या वाडीचा दिवस होता ‘असोज ५ गते’. असोज म्हणजे आश्विन, हे मला ठाऊक होते. पिशवीतले कालनिर्णय उघडले, आश्विन शुद्ध पंचमी पाहिली आणि १९ ऑक्टोबर लिहून मोकळा झालो.

केंद्रातील परिचारिका दीदींनी कागद पाहिला आणि त्या हसल्याच नाहीत. नेपाळचे व्यवहारातील महिने सौर आहेत. सूर्य मेषेत शिरला की, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, वैशाख सुरू होतो. ‘गते’ हा सौर दिवस. तिथीशी त्याचा संबंध नाही. आपले महिने चांद्र, आणि त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने आश्विन आणखी लांबला होता. असोज ५ गते होती २२ सप्टेंबरला. फरक सत्तावीस दिवसांचा!

आया आपल्या पंचांगाप्रमाणे बरोबर त्या दिवशी जमल्या असत्या. लशीची पेटी मात्र आली नसती. नऊ महिन्यांच्या मुलांची गोवर-रुबेलाची लस पुढच्या महिन्यावर गेली असती. गोवर काही आपल्या पंचांगासाठी थांबत नाही.

परके वाटते ते आपण विचारून घेतो. ओळखीचे वाटते ते विचारत नाही. सेवेला जाणाऱ्याने पहिले काही दिवस विचारण्यातच घालवावेत, असे मला वाटते.

२२ सप्टेंबरला बर्फाच्या पिशव्या घातलेली लशीची पेटी मीच पाठीवर घेतली. दीदी पुढे चालत होत्या. वाडीवर आया आधीच येऊन बसल्या होत्या.