बेताच्या पैशांतील डोंगरी सायकल

जिचे टायर जाड आहेत, जिच्या पुढच्या चिमट्यात शॉकअप बसविलेले आहेत, जिच्या सांगाड्यावर भडक रंगांत एखादे आवेशपूर्ण इंग्रजी नाव रेखाटलेले आहे आणि जिला एकवीस गिअर आहेत ती माउंटन बाइक, अशी जी समजूत आपल्या शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून आता पुरती रूढ झाली आहे, ती सर्वस्वी चुकीची नसली, तरी नवशिक्याचे पैसे ज्या बाबींवर वाया जातात त्या बाबींनाच ती नेमके अग्रस्थान देते. दुकानात शिरणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याजवळ, नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणीजवळ किंवा प्रकृतीच्या निमित्ताने चाळिशीनंतर पुन्हा सायकलीकडे वळणाऱ्या गृहस्थाजवळ रक्कम बहुधा बेताचीच असते. आणि ती बेताची असल्यामुळेच तिच्यातला एकेक रुपया चाकाला, ब्रेकला आणि गिअरला जातो की नुसत्या थाटाला जातो, याचा हिशेब मांडणे त्यांना भाग आहे.

या जातीच्या सायकलीचा उगमच मुळी स्वस्त आणि टाकाऊ सायकलींतून झाला, ही गोष्ट त्या हिशेबाच्या आरंभी ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथील टॅमल्पायस पर्वत आणि त्याच्या आसपासच्या टेकड्या यांवरून १९७०च्या दशकात काही तरुण श्विन कंपनीच्या जुन्यापुराण्या, बोजड, एकाच गिअरच्या सायकली अल्प किमतीत मिळवून भरधाव खाली सोडीत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी जी शर्यत लावली तिचा मार्ग सुमारे २ मैलांचा आणि उतार सुमारे १,३०० फुटांचा होता, आणि तळाशी पोहोचेपर्यंत मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे व हब उघडून ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रीपॅक’ हे नाव पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी याच टोळक्यातली. ही मंडळी सायकली खोलून दुरुस्त करू लागली तेव्हा त्यांनी जाड टायर तेवढे कायम ठेवले, हबच्या ब्रेकऐवजी अधिक खात्रीचे ब्रेक आणि मोटारसायकलीचे मजबूत दांडे बसविले, आणि उतरलेला डोंगर पुन्हा चढता यावा म्हणून गिअर जोडले. १९७७ साली ब्रीझने या कामासाठी खास सांगाडा घडविला आणि १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली ‘स्टंपजंपर’ विक्रीस आणली, तेव्हाही पुढचा चिमटा साधा, ताठ आणि पोलादीच होता. धक्के शोषून घेणारा चिमटा रॉकशॉक्स कंपनीने १९८९ साली बाजारात आणला, म्हणजे रीपॅकच्या पहिल्या शर्यतीनंतर एक तप उलटून गेल्यावर.

या इतिहासातून खरेदीदाराला अग्रक्रमाची यादी आयतीच मिळते: टायर, ब्रेक, हलका गिअर, आणि या सर्वांस धरून ठेवणारा, अंगाला बेताचा असा सांगाडा. दुकानातला विक्रेता मात्र बहुधा शॉकअपपासून आरंभ करतो. आठ-दहा हजारांच्या सायकलीच्या चिमट्यात जे शॉकअप असतात त्यांत नुसती एक स्प्रिंग असते. ती दबते, पण तिच्या उसळण्यावर ताबा ठेवणारी तेलाची योजना तिच्यात नसल्यामुळे खडकाळ उतारावर चाक जमिनीला धरून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. अशा चिमट्याचे वजन दोन-अडीच किलो भरते, आणि चढावर पायांनी घातलेल्या जोराचा काही अंश ती स्प्रिंग विनाकारण गिळते. मागेपुढे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या स्वस्त सायकलीविषयी तर माझे मत निःसंदिग्ध आहे: ती घेऊ नये. तिच्या मागच्या सांध्यातील बुश थोड्याच दिवसांत झिजतात, सांगाडा आडवा हलू लागतो, आणि त्या जोडणीवर खर्च झालेली रक्कम चाके, ब्रेक व गिअर यांच्याच वाट्यातून कापलेली असते. ताठ चिमट्याची सायकल मिळाली तर ती निःशंकपणे पाहावी. रुंद टायरमध्ये हवा प्रमाणात ठेवली, तर मुरमाच्या वाटेवरचे बहुतेक धक्के टायरच पोटात घेतो.

गिअरांच्या बाबतीत संख्येचा मोह अनावर असतो. एकवीस गिअर म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चक्रे. त्यांच्या जोड्यांपैकी कित्येक एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की पायाला फरक जाणवत नाही, आणि काहींत चेन इतकी तिरकी पडते की त्या वापरूच नयेत. सिंहगडाच्या घाटाला किंवा वेताळ टेकडीच्या चढाला लागलेल्या माणसाचा जीव अडकलेला असतो तो सर्वांत हलक्या एका गिअरात, आणि तो किती हलका आहे हे दुकानातल्या दुकानात दाते मोजून ठरविता येते. पुढच्या लहान चक्राला २४ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्याला २८ असतील, तर पायडलाच्या एका पूर्ण फेरीत २६ इंची चाकाची सायकल सुमारे १.८ मीटर पुढे जाते. तेच पुढे २२ आणि मागे ३४ असतील तर सुमारे १.३ मीटर. आपल्या साध्या, बिनागिअरच्या सायकलीत हे अंतर ५ मीटरांच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे अर्ध्या मीटरचा हा फरक दमलेल्या मांड्यांना केवढा वाटत असेल याची कल्पना येईल. पुढे एकच चक्र ठेवण्याची हल्लीची पद्धत चांगली आहे, गोंधळ कमी करणारी आहे. मात्र तेथे मागचे मोठे चक्र निदान ४२ दात्यांचे असावे, नाहीतर चढावर उतरून सायकल ढकलण्याचा प्रसंग येतो.

मागच्या चाकाविषयी आणखी एक खुलासा मेकॅनिककडून अवश्य करून घ्यावा, कारण ही बाब बाहेरून दिसत नाही. स्वस्त सायकलींत गिअरचा झुबका आट्यांवर फिरवून हबवर बसविलेला असतो, म्हणजे जुन्या अर्थाने तो फ्रीव्हील असतो. त्या रचनेत उजवीकडचे छर्रे हबच्या आतल्या बाजूला राहतात आणि आसाचे उजवे टोक सांगाड्यापर्यंत निराधार पडते. सात चक्रांइतका रुंद झुबका आणि खड्ड्यांतून आपटणारे सत्तर-ऐंशी किलोंचे ओझे असा योग आला की तो आस वाकतो. कॅसेट नावाच्या दुसऱ्या रचनेत छर्रे अगदी टोकाशी असतात, त्यामुळे आसाला आधार मिळतो. मागे आठ किंवा नऊ चक्रे असलेल्या सायकलींत ही रचना बहुधा आढळते. तरी विचारून खात्री करावी. शिमानोच्या मालिकांत टूर्नी सर्वांत खालची, तिच्यावर आल्टस, असेरा, अलिव्हिओ आणि डिओर असा चढता क्रम वर्षानुवर्षे चालत आला, आणि २०२३ पासून मधल्या काहींची जागा क्यूज ही मालिका घेऊ लागली. टूर्नी वाईट नव्हे. शहरातल्या आणि सौम्य कच्च्या वाटेवरच्या वापराला ती पुरते. परंतु केवळ मागच्या गिअर बदलणाऱ्या भागावर वरच्या मालिकेचे नाव झळकवून बाकी सर्व जिन्नस हलके घालण्याचा शिरस्ता व्यापारात आहे, म्हणून नजर एकाच ठिकाणी खिळू देऊ नये.

ब्रेकविषयी मी आपल्या हवामानाच्या बाजूने बोलेन. कोरड्या प्रदेशात रिमला चावणारे व्ही-ब्रेक हलके, स्वस्त आणि कोणत्याही गावात दुरुस्त होणारे असल्याने उत्तमच. पण सह्याद्रीच्या पावसाळ्यात लाल चिखल रिमवर चढला की ब्रेकची रबरे आणि रिम दोन्ही कानशीने घासल्याप्रमाणे झिजतात, आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. जून ते सप्टेंबर सायकल बाहेर काढण्याचा ज्याचा मनोदय आहे त्याने डिस्क ब्रेक घ्यावेत. त्यांतही तारेने ओढले जाणारे असतील तर तार ताणून घेण्याची आणि पॅड जवळ आणण्याची कृती शिकून घ्यावी, आणि अंदाजपत्रकात बसत असतील तर तेलाच्या दाबावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक, घ्यावेत. लांब उतारावर एका बोटाने सायकल आवरता येणे ही चैन नव्हे. भीतीने आखडलेल्या हातांनी कोणालाही वळण शिकता येत नाही.

मापाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. दुकानात शिल्लक असलेले माप गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालण्याची प्रवृत्ती फार आहे, आणि ठेंगण्या व्यक्तींना, विशेषतः स्त्रियांना, त्याचा उपद्रव अधिक होतो. सायकलीवर टांग टाकून दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत. त्या स्थितीत वरची नळी आणि शरीर यांत निदान २ इंचांचे अंतर राहिले पाहिजे, कारण वाटेवर अवचित उतरावे लागते ते नेहमी खड्ड्यातच. मग सीटवर बसून हँडल धरावे. कोपर किंचित वाकलेले राहिले तर लांबी योग्य. सीट वरखाली करून लहानमोठ्या मापाची भरपाई होते असे सांगितले जाते ते अर्धसत्य आहे, कारण सांगाड्याची लांबी त्याने बदलत नाही.

चाकांचा वाद लांबविण्यात अर्थ नाही: २६ इंची चाके चपळ, २९ इंची चाके खाचखळगे सहज ओलांडणारी, २७.५ इंची मधली. ठेंगण्याने २९च्या आग्रहात पडू नये, आणि २६ घेताना तिचे चांगले टायर हल्ली कमी मिळतात याची नोंद ठेवावी. सांगाडा पोलादी की अॅल्युमिनियमचा, हाही प्रश्न या किमतीत दुय्यम आहे.

पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान चांगला सांगाडा आणि कामाचे ब्रेक असलेली सायकल मिळू शकते, आणि तीस हजारांपुढे हायड्रॉलिक ब्रेक व कॅसेट यांची अपेक्षा हक्काने करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीची चिठ्ठी लावलेली असेल तर विचारणा करावी. एकूण रकमेपैकी दोन-तीन हजारांची तरतूद हेल्मेट, पंप, एक जादा ट्यूब आणि टायर उचकटण्याच्या पट्ट्या यांसाठी आधीच वेगळी काढावी; दख्खनच्या पठारावर बाभळीचे काटे पंक्चरचे निमित्त शोधीतच असतात. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारीच्या ट्यूबसारखा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, ही सोय खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्याला लहान नव्हे. सत्तर किलोंच्या आसपास वजनाच्या माणसाने २.१ इंची टायरमध्ये कच्च्या वाटेवर ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवून पाहावी आणि डांबरी सडकेवर ती वाढवावी.

वापरलेली सायकल घेण्याचा मार्ग मला विशेष मानाचा वाटतो, कारण हौसेने घेतलेल्या आणि मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या चांगल्या सायकली पुण्या-मुंबईत विपुल आहेत. तेथे पुढची नळी आणि चिमटा जेथे मिळतात त्या ठिकाणची जोडणी बारकाईने पाहावी. रंगाला बारीक चीर किंवा सुरकुती दिसली तर व्यवहार मोडावा. चाक उचलून फिरवावे. थोडा आउट असेल तर कारागीर काढून देतो, पण रिमला पोचा असेल तर नवी रिम पडते. चेनची १२ कड्यांची, म्हणजे पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतची लांबी नव्यात बरोबर १२ इंच असते. ती १२ इंच आणि १ सूत, म्हणजे सव्वाबारा इंचांच्या निम्म्या वाटेपर्यंत वाढलेली आढळली, तर चेनबरोबर मागची चक्रेही बदलावी लागण्याचा संभव आहे आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागावा.

नवी सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते आणि दुकानात घाईने पुरी केली जाते. म्हणून ताबा घेण्यापूर्वी हँडल, पायडल आणि क्रँक यांचे बोल्ट समक्ष आवळून घ्यावेत, आणि तीन-चार आठवड्यांनी, तारा सैलावल्यावर व स्पोक आपापल्या जागी बसल्यावर, पहिली सर्व्हिसिंग चुकवू नये. त्यानंतर हाती पैसा येईल तसतसे आधी टायर, मग पायडल, मग ब्रेकचे पॅड बदलावेत. चिमटा सर्वांत शेवटी, कारण चांगल्या चिमट्याची किंमत पुष्कळदा स्वस्त सायकलीइतकीच भरते, आणि मूळच्यापेक्षा लांब चिमटा घातला तर पुढची बाजू उंचावून सायकलीचे वळणच बदलते. तितकी रक्कम जमलीच असेल, तर ती दुसऱ्या, अधिक चांगल्या सायकलीसाठी राखून ठेवावी.