खर्ज सांभाळणारा खटका

जॅझच्या मैफलीत बहुधा मागच्या बाजूला, माणसापेक्षाही उंच असे एक तंतुवाद्य उभे धरून वाजवले जाते. हा डबल बेस. त्याच्या खर्जावर सारा वाद्यवृंद उभा असतो. पण ड्रम आणि ट्रम्पेटच्या गजरात तो खर्जच ऐकू येत नाही, ही या वाद्याची जुनी व्यथा. १९४०च्या दशकात एव्हरेट हल या अमेरिकी बेसवादकाने त्यावर तोड काढली. वाद्य ज्या खुंटीच्या आधाराने जमिनीवर उभे राहते, त्या खुंटीतच त्याने ध्वनिग्राहक बसवला. ‘अँपेग’ हे ध्वनिवर्धकांचे पुढे गाजलेले नाव त्या खुंटीवरूनच, म्हणजे इंग्रजीतल्या ‘पेग’वरून पडले. आज हा ग्राहक बहुधा घोडीवर किंवा घोडीच्या पायाखाली असतो आणि दाबाचे विजेत रूपांतर करणाऱ्या पिझो स्फटिकावर चालतो.

आवाज वाढला, पण त्याबरोबर नवे दुखणे आले. डबल बेसची पोकळ लाकडी पेटी तारेच्या कंपनांनी जशी घुमते, तशीच मागे ठेवलेल्या ध्वनिवर्धकातून येणाऱ्या आवाजानेही घुमते. ते घुमणे घोडीवरचा ग्राहक टिपतो, ध्वनिवर्धक ते मोठे करतो आणि पेटी आणखी घुमते. गणेशोत्सवाच्या मंडपात माइक शिट्टी मारतो तो याच कुळातला प्रकार. इथे शिट्टीऐवजी एखादा खालचा स्वर थांबता थांबत नाही. मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणांत गोव्याच्या वादकांनी हे वाद्य वर्षानुवर्षे वाजवले. पण तिथे समोर मायक्रोफोन असे, पाठीशी ध्वनिवर्धक नसे. हे दुखणे मंचावरचे.

मात्र आवाज मोठा झाला की हे चक्र सुरू होतेच असे नाही. परत आलेली लाट पेटीच्या कंपनाशी पावलात पाऊल टाकून आली, तरच ती त्याला बळ देते. उलट पावलाने आली, तर ते कंपन दबते. ध्वनिवर्धकावरचा ‘फेज’ नावाचा खटका नेमका इथे कामी येतो. त्यावर बहुधा काट मारलेल्या शून्याची खूण असते, किंवा ० आणि १८० हे आकडे. तो दाबला की विद्युत्‌संकेत उलटा होतो : लाटेचा उंचवटा होता तिथे खळगा येतो. स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करावी, तसेच हे.

खालच्या स्वरांच्या लाटा किती लांब असतात हे पाहिले, म्हणजे या खटक्याचे मोल कळते. डबल बेसची ‘ए’ तार सेकंदाला ५५ कंपने करते. हवेत तिची लाट सव्वासहा मीटर लांबीची भरते. म्हणजे त्या स्वराचे पाऊल उलटवायचे, तर ध्वनिवर्धक तीन मीटरांहून अधिक सरकवावा लागेल. क्लबातल्या चिंचोळ्या मंचावर एवढी जागा आणायची कुठून? खटका हे काम जागच्या जागी करतो. अर्थात, दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. ध्वनिवर्धक तेवढाच सरकवला, तर एक सप्तक वरच्या स्वराची लाट पूर्ण एक फेरा मागे पडते आणि पुन्हा जिथल्या तिथे येते. खटका मात्र सगळेच स्वर एकदम उलटवतो. म्हणूनच त्याला रामबाण समजणे चुकीचे. एका स्वराचे रडगाणे थांबते तेव्हा आधी गप्प असलेला दुसरा एखादा स्वर गळा काढू शकतो. अमुक बाजू बरोबर आणि तमुक चूक, असा नियम इथे नाही. दालन बदलले, ध्वनिवर्धक हातभर हलला, की निवाडा नव्याने करावा लागतो.

तो करण्याची रीत सोपी आहे. कार्यक्रमापूर्वी त्रास देणारा स्वर वाजवत आवाज हळूहळू वाढवायचा, घुमणे कुठे सुरू होते ते ध्यानात घ्यायचे आणि मग खटका फिरवून तेच पुन्हा करायचे. ज्या बाजूला घुमणे उशिरा सुरू होते, ती त्या संध्याकाळची बाजू. नुसत्या ध्वनिवर्धकाचा आवाज ऐकला, तर कानाला बहुधा काहीच फरक जाणवत नाही. फरक दिसतो तो वाद्याचा मूळ आवाज आणि ध्वनिवर्धकाचा आवाज एकत्र येतात तेव्हा. वादक दोहोंच्या मध्ये उभा असतो. त्याला एका बाजूला खर्ज भरदार, तर दुसऱ्या बाजूला पातळ वाटू शकतो.

वाद्यावर ग्राहकासोबत मायक्रोफोनही असेल, तर हा परिणाम श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. हे दोन संकेत परस्परविरोधी असले, तर एकत्र होताना खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि एवढे धिप्पाड वाद्य किरटे वाजू लागते. अशा वेळी दोहोंपैकी एकच संकेत उलटवायचा. गोंधळ होतो तो ध्वनिसंयोजकाच्या मेजावरही असाच खटका असल्यामुळे. काही ध्वनिवर्धकांत मेजाकडे जाणारा संकेत खटक्याच्या आधी काढलेला असतो, काहींत नंतर. नंतर काढलेला असेल आणि दोघांनीही खटके फिरवले, तर सभागृहातला आवाज पूर्ववत होतो, मंचावरचा मात्र उलटलेलाच राहतो.