बर्फातल्या बुरशीचं कूळ कोणतं?

पावसाळ्यात पापडाच्या डब्यात ओल शिरली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. शिळ्या भाकरीवर हिरवट ठिपके, चपलेवर पांढरी लव, लोणच्यावर बुरा. बुरशी म्हटलं की आपल्याला ओल आणि ऊब आठवते. पण काही बुरशा चक्क बर्फात राहतात. उंच डोंगरांवरच्या बर्फात, ध्रुवाकडच्या हिमनद्यांत, बारमाही गोठलेल्या तळ्यांच्या तळाशी. आज त्यांची गोष्ट सांगते.

पहिला प्रश्न तुमच्या मनात येईल, त्या गोठून मरत कशा नाहीत? हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली आठवा. खोबरेल घट्ट होतं, पण शेजारचं शेंगदाण्याचं तेल पातळच राहतं. दोन्ही तेलंच, पण जात वेगळी. बर्फातल्या बुरशीच्या पेशीचं आवरण असंच थंडीत न थिजणाऱ्या मेदाचं असतं. शिवाय काही बुरशा असं प्रथिन तयार करतात, की त्यामुळे बर्फाचे टोकदार खडे मोठे होत नाहीत आणि पेशी फाटत नाही. खायला काय? बर्फावर वाढणारं शेवाळ, वाऱ्याने आलेले परागकण, धूळ. तेवढ्यावर त्यांचं भागतं.

आता खरी अडचण. या बुरशा एवढ्या बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एखादा गोल ठिपका, नाहीतर चांदणीसारखा आकार. तेवढ्यावरून कूळ कसं सांगायचं? एकसारखी साडी नेसलेल्या दोन बाया सख्ख्या बहिणी असतीलच असं नाही. आणि सख्ख्या बहिणी दिसायला अगदी वेगळ्याही असतात.

कायोनॅस्टर निव्हॅलिस नावाची एक बुरशी आहे. चार हातांच्या चांदणीसारखी, एकाच पेशीची. जगभरातल्या बर्फात ती दिसते. तिला नाव मिळून शंभराहून जास्त वर्षं झाली, पण ती कोणत्या कुळातली, हे कुणाला सांगता येत नव्हतं. रजिस्टरमध्ये नाव आहे, पण पत्त्याचा रकाना कोरा, असा प्रकार. २०२१ साली तो रकाना भरला. कसा, ते पाहा.

शास्त्रज्ञांनी बर्फाच्या नमुन्यातून या चांदणीच्या पेशी वेगळ्या काढल्या आणि त्यांतला डीएनए वाचला. डीएनए म्हणजे प्रत्येक जिवाच्या पेशीत असलेला, आईबापांकडून लेकरांकडे जाणारा लेख. तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो. एका पेशीत तो अगदी थोडा असतो, म्हणून आधी त्याच्या लाखो नकला काढाव्या लागतात. करोनाच्या वेळी नाकात काडी घालून आरटीपीसीआर तपासणी झाली होती ना, तिच्यातही हेच तंत्र वापरलं होतं. गंमत म्हणजे नकला काढणारं जे विकर त्यासाठी सर्रास वापरतात, ते मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोन इथल्या गरम झऱ्यातल्या जिवाणूत सापडलं. म्हणजे बर्फातल्या बुरशीची ओळख पटवायला उन्हाळ्याच्या कुंडातला जीव मदतीला आला!

मग तुलना होते. आपलं हादग्याचं गाणं घ्या. पालुपद गावोगाव तेच, पण मधल्या ओळी बदलतात. शेजारच्या गावात दोन शब्द वेगळे, चार तालुके ओलांडले की अख्ख्या ओळी वेगळ्या. फरक मोजला तर कोणतं गाव कुणाच्या जवळचं, याचा अंदाज येतो. बुरशीच्या डीएनएतही असंच आहे. काही भाग पालुपदासारखा, फार हळू बदलणारा. त्यावरून दूरचं नातं कळतं. त्याच्या शेजारचा आयटीएस नावाचा तुकडा भराभर बदलतो. त्यावरून जवळची नाती कळतात. २०१२ साली शास्त्रज्ञांनी याच तुकड्याला बुरशीची ओळखखूण मानायचं ठरवलं. दुकानातल्या पुड्यावर काळ्या रेघांचा बारकोड असतो, तसं काम तो करतो.

कायोनॅस्टरचा लेख वाचल्यावर कळलं, की ती अळंबीच्या मोठ्या घराण्यातली आहे. लाकडावर उगवणाऱ्या लिबलिबीत अळंबीचा जो वर्ग, तोच तिचा. पण त्या वर्गातल्या कोणत्याही कुळात ती बसेना. म्हणून तिच्यासाठी नवं कूळ आणि त्यावरचा नवा गणसुद्धा मांडावा लागला.

आता आपल्या शेताजवळची गोष्ट. अंटार्क्टिकातल्या व्हांडा नावाच्या गोठलेल्या तळ्याच्या गाळात एक यीस्ट सापडली. १९६९ साली तिची नोंद झाली. पुढे बरीच वर्षं तिला कँडिडा म्हणत. बायांना अंगावरून पांढरं जाणं आणि खाज, हा त्रास ज्या यीस्टमुळे होतो, तिचंही नाव कँडिडाच. पण डीएनए पाहिल्यावर कळलं, की अंटार्क्टिकाची ही यीस्ट कँडिडा नाहीच. ती बाजरीच्या कणसावर काणी आणणाऱ्या बुरशीची भाऊबंद आहे! २०१५ साली तिला काणीच्याच गोतात घेतलं. एकीने आपलं कणीस काळं केलं. दुसरीचं मेद फोडणारं विकर जगभरच्या कारखान्यांत कामाला येतं. नुसतं रूप पाहून हे नातं कुणाला सांगता आलं असतं?

हे काम आपल्याकडेही चालतं. गोव्यात वास्को इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्री संशोधन केंद्र आहे. आर्क्टिकमध्ये स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून भारताचं हिमाद्री हे ठाणं आहे. तिथल्या हिमनद्यांवरच्या बुरशांचा अभ्यास गोव्यातल्या संशोधकांनी केला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तर बुरशांचा राष्ट्रीय संग्रह जपून ठेवला आहे.

मैत्रिणींनो, हिमनद्या वितळत आहेत. बर्फ गेला की त्यातले जीवही जाणार, आणि ज्यांची नोंदच झाली नाही, ते गेल्याचंही कुणाला कळणार नाही. बचत गटात येण्याआधी आपल्यातल्या कितीतरी जणींचं नाव कोणत्याच कागदावर नव्हतं. नाव नसलं की गणतीत धरत नाहीत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि एक गोष्ट गाठीला बांधा. सूक्ष्मदर्शक हाताशी असूनही शास्त्रज्ञ रूपाला फसतात, तर आपली काय कथा? पहिल्या पावसानंतर रानात, बांधावर अळंबी उगवते. खाण्याची आणि विषारी, दिसायला सारखी असू शकते. चांदीचं नाणं टाकून पाहणं, लसूण घालून पाहणं, यांतल्या कशानेही विष ओळखता येत नाही. पूर्ण खात्री नसेल तर ती घरात आणू नका. गटाने लावलेली धिंगरी अळंबी आहेच की. खाऊन कुणाला उलटी-जुलाब झालेच, तर वाट पाहू नका. उरलेली अळंबी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. काणी पडलेलं बाजरीचं एखादं कणीस आणा, सगळ्यांना दाखवा, आणि त्याचे भाऊबंद कुठवर पसरलेत ते सांगा.