खाणीतलं गंजकं यंत्र पुरावा म्हणून कसं वाचायचं?

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर लोहखनिज दिसतं ते बार्जमध्ये. धरमतर खाडीतून ते डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जातं. खाण बघायची तर किनाऱ्याने खाली रेडीला, नाहीतर पुढे गोव्यात डिचोलीला जावं लागतं. डिचोली, शिरगाव, मये हा जुना खाणपट्टा. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. धुलाईचे प्लांट, कन्व्हेयर, नदीकाठचे धक्के जागच्या जागी राहिले.

तिथे जाणारे बहुतेक जण फोटो काढतात. गंजलेला पत्रा, त्यावर चढलेली वेल, छानच दिसतं! पण संशोधनाचा प्रश्न वेगळा आहे: हे यंत्र इथे लागलंच का?

उत्तर खनिजातच आहे. गोव्याचं खनिज पट्टेदार खडक झिजून तयार झालंय, त्यामुळे त्यात भुकटी आणि चिकणमाती भरपूर. मातीबरोबर ॲल्युमिना येतो. तो वाढला की झोतभट्टीतली मळी घट्ट होते, नीट वाहत नाही. म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतं, आणि म्हणून खनिज धुवायचं. लॉग वॉशर म्हणजे तिरकी लांब कुंडी. तिच्यात पाती लावलेले दोन दांडे फिरतात, दगडावर दगड घासतो आणि माती सुटते. भुकटीसाठी स्क्रू क्लासिफायर: जड कण मळसूत्राने वर चढतात, गढूळ पाणी खालच्या टोकाला काठावरून वाहून जातं. त्याहून बारीक मालासाठी हायड्रोसायक्लोन. त्यात पाणी गरगर फिरतं, जड कण खालून आणि हलके वरून बाहेर पडतात. उरलेला गाळ टेलिंग पाँडमध्ये.

आता गंमत बघा. सुरुवातीला हातोडीने फोडून हाताने निवडलेला चांगला दगडच विकला जायचा, त्याला यातलं काही लागत नव्हतं. म्हणजे प्लांटमध्ये मागाहून जोडलेलं प्रत्येक यंत्र हे सांगतं की आधी फेकला जाणारा माल आता विकण्यालायक ठरलाय. ‘खनिज’ कशाला म्हणायचं ही व्याख्याही बदलत असते. हेमटाइटसाठी भारतीय खाण ब्युरोची किमान मर्यादा आधी 55 टक्के लोह होती, 2009 मध्ये ती 45 टक्के झाली. डोंगर तोच, पण कालचा टाकाऊ ढीग कागदावर खनिज झाला! त्यामुळे प्लांटचा नकाशा आणि टेलिंग पाँडमधले गाळाचे थर शेजारी ठेवून वाचले, तर कोणत्या काळात किती लोह वाया गेलं याचा अंदाज बांधता येतो. माझ्या मते पीएचडीला पुरेल एवढा हा विषय आहे.

एक सावधगिरी. यंत्रावरच्या पाटीवर बनवल्याचं साल असतं, बसवल्याचं नाही. जुनी यंत्रं एका खाणीतून दुसरीकडे जातात. म्हणून पाटीइतकंच लक्ष पायाकडे द्या: बोल्टमधली अंतरं, काँक्रीटचे जोड, कापून बंद केलेले पाइप. मग उपग्रह चित्रांशी ताडून बघा. लँडसॅटची चित्रं 1972 पासूनची आहेत आणि फुकट मिळतात. निवृत्त ऑपरेटर आणि फिटर यांच्याशी बोलणं तर हवंच. कुठला पंप कधी आणि का बदलला हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

घाई का, तर डिसेंबर 2022 मध्ये डिचोली आणि शिरगाव-मये भागातल्या खाणींचे लिलाव झाले. नवा धनी जुना प्लांट जपून ठेवेल अशी आशा धरू नका. लोखंडाला भंगारात भाव आहे. पाया मात्र भंगारवाला नेत नाही. त्यामुळे परवानगीचं पत्र दिवाळीआधीच टाका. पाऊस संपल्यावर, गवत वाळलं की, आधी यंत्रांची मापं घ्या. पाये पुढच्या फेरीला मोजले तरी चालतील.