सर्व्हर पडला तरी नोंद थांबू नये

रसायनीत किंवा पाताळगंगा एमआयडीसीत कारखान्याच्या फाटकाशी टँकर आला, की आधी त्याची नोंद होते. गेटपास निघतो, वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचं वजन चढतं, लॅब माल पास करते आणि मगच भरणी सुरू होते. या सगळ्या नोंदी एका डेटाबेसमध्ये जातात. तो बसला, की टँकर बाहेर रांगेत उभे राहतात आणि लॅबमधली माणसं निकाल वहीत लिहू लागतात. इथल्याच एका कारखान्यात तो डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. ‘मॅडम, सिस्टिम कधी येणार?’ हा पहिला फोन मलाच येतो.

सर्व्हर हे यंत्र आहे आणि यंत्र कधी ना कधी बंद पडणारच. डिस्क जाते, पॉवर सप्लाय जळतो, पावसाळ्यात लाइट जाते. रासायनिक कारखान्याला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. तिथे महत्त्वाच्या जागी पंपांची जोडी असते: ‘ए’ थांबला की ‘बी’ चालू. डेटाबेसलाही अशी जोडी देता येते, पण एक मोठा फरक आहे. ‘ए’ पंपाने काल काय केलं, हे ‘बी’ला माहीत असावं लागत नाही. दुसऱ्या सर्व्हरला मात्र पहिल्याने क्षणापूर्वी लिहिलेली नोंदसुद्धा ठाऊक हवी.

म्हणून मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो आणि तो लॉग सतत दुसऱ्याकडे पाठवत राहतो. याला रेप्लिकेशन म्हणतात. पोस्टग्रेएसक्यूएल या मोफत डेटाबेसमध्ये ही सोय 2010 सालच्या 9.0 आवृत्तीपासून आहे. इथे पहिला निर्णय घ्यावा लागतो. दुसऱ्याची पोच आल्याशिवाय ‘नोंद झाली’ म्हणायचंच नाही, ही सिंक्रोनस पद्धत. तिच्यात नोंद हरवत नाही, पण प्रत्येक वेळी थांबावं लागतं. असिंक्रोनस पद्धतीत थांबणं नाही, पण मुख्य सर्व्हर अचानक गेला तर शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी त्याच्याबरोबर जाऊ शकतात.

निवड अंतरावर ठरते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजारभर किलोमीटर, म्हणजे संदेश जाऊन पोच यायला किमान 10 मिलिसेकंद. सेकंदाला हजारो सौदे होतात तिथे हा वेळ फार होतो. म्हणून साधारणपणे जवळची प्रत सिंक्रोनस ठेवतात आणि दूरच्या शहरातली असिंक्रोनस.

पुढचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मुख्य सर्व्हर गेला, हे ठरवायचं कुणी? समजा, दोनच सर्व्हर आहेत आणि मधली केबल तुटली. समोरचा मेला की नुसती वाट बंद झाली, हे दुसऱ्याला कळायला मार्ग नाही. त्याने सूत्रं हाती घेतली आणि पहिलाही जिवंत असला, तर दोघेही नोंदी लिहू लागतील. एकच गेटपास क्रमांक दोन टँकरना जाईल. या अवस्थेला स्प्लिट ब्रेन म्हणतात आणि बंद सर्व्हरपेक्षा ती कितीतरी वाईट, कारण दोन खऱ्या वाटणाऱ्या हिशेबांतून एक हिशेब नंतर माणसांना हाताने जुळवावा लागतो.

त्यावर उपाय बहुमताचा. तीन सदस्य ठेवायचे आणि तिघांपैकी दोघांचं एकमत असेल तरच मुख्य सर्व्हर बदलायचा. तिसरा फक्त मत देणारा, छोटासा असला तरी चालतो. ज्याचं बहुमत गेलं त्याने लिहिणं थांबवायचं. तो थांबल्याची खात्री नसेल, तर त्याची वीजच तोडायची. पॅट्रोनी आणि पेसमेकर ही सॉफ्टवेअरं असं काम करतात. वजनकाट्यावरच्या संगणकाला पत्ता एकच दिलेला असतो. त्यामागचा सर्व्हर बदलला हे त्याला कळावंही लागत नाही. मात्र तिन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर असतील, तर ते तीन नव्हेत, एकच. रसायनीपासून जवळच, पनवेल तालुक्यातल्या भोकरपाड्याला 2020 साली योट्टा कंपनीचं मोठं डेटा सेंटर सुरू झालं. टिअर चार या त्याच्या दर्जाचा अर्थच असा, की विजेची किंवा थंडाव्याची एखादी वाट तुटली तरी काम चालू राहावं. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला ग्रिड बिघडून मुंबईतल्या लोकलगाड्याही थांबल्या. विजेची दुसरी वाट कशासाठी, हे त्या दिवशी सगळ्यांनाच कळलं.

पण यंत्रं नीट मांडली, की काम संपलं असं नाही. 21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा दुवा फक्त 43 सेकंद तुटला. तेवढ्यात यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरचे सर्व्हर मुख्य केले. दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला 24 तासांहून जास्त लागले.

याच्या उलटही घडतं. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात दूरसंचार दुव्यांच्या बिघाडामुळे सकाळी 11.40 ला व्यवहार थांबले, ते दुपारी 3.45 ला सुरू झाले. चेन्नईत पर्यायी केंद्र होतं, पण व्यवहार तिकडे नेले गेले नाहीत. त्यानंतर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मुदती घालून दिल्या: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा, त्यानंतर 45 मिनिटांत काम सुरू करा. 2 मार्च 2024 ला, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडला. पहिलं सत्र मुख्य केंद्रावरून झालं, दुसरं पर्यायी केंद्रावरून. खरे सौदे करून घेतलेली ही तालीम होती.

रसायनीला तालीम नवी नाही. घातक रसायनांबाबतच्या 1989 च्या नियमांनुसार मोठ्या साठ्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यावी लागते. हाच नियम डेटाबेसला लावा, असा माझा आग्रह आहे. पावसाळ्याआधी, सुट्टीच्या दिवशी, मुख्य सर्व्हरची केबल खरोखर काढा. किती वेळात काम सुरू झालं, कोणती नोंद हरवली, हे लिहून ठेवा. परत मूळ सर्व्हरवर येण्याचीही तालीम करा. आणि हे सगळं रात्रपाळीच्या नव्या मुलाला करू द्या, कारण सर्व्हर पडेल त्या रात्री तोच हजर असेल.

बॅकअपही वेगळा ठेवा. चुकून काही पुसलं गेलं, तर ते प्रतीतूनही त्याच क्षणी पुसलं जातं. 31 जानेवारी 2017 ला गिटहबसारख्याच गिटलॅब या सेवेत मुख्य सर्व्हरवरचा डेटा चुकून पुसला गेला. बॅकअपच्या एकाहून जास्त सोयी असूनही ऐनवेळी त्या निकामी निघाल्या आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या.

तुमच्या पतसंस्थेत किंवा तालुक्याच्या रुग्णालयात हा विषय निघाला, तर ‘दुसरा सर्व्हर आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. त्यावर काम शेवटचं कधी चालवलं आणि ते कुणी चालवलं, हे विचारा. तारीख आणि नाव सांगता आलं नाही, तर घेतलेला दुसरा सर्व्हर अजून नुसतंच एक यंत्र आहे.