ओझ्यातला वाटा पुढच्या चाकालाही

सायकलवरून लांबच्या प्रवासाला निघताना बहुतेक जण सगळं सामान मागच्या कॅरियरवर चढवतात. पुढे काही लादलं तर हँडल जड होईल, तोल जाईल, अशी भीती असते. साधा हिशेब मात्र वेगळंच सांगतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर साधारण ३४ किलो भार पुढच्या चाकावर येतो, ५१ मागच्या. आता २० किलो सामान मागे टांगा. पेडल मारताना टाच लागू नये म्हणून पिशव्या मागे सरकवाव्या लागतात. त्यांचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या दहाएक सेंटिमीटर मागे गेला आणि दोन आसांत १०५ सेंटिमीटर अंतर असलं, तर तरफेच्या नियमाने पुढचं चाक उलट दोन किलोंनी हलकं होतं. म्हणजे पुढे जेमतेम ३२, मागे ७३. घाटाच्या चढावर पुढचं चाक आणखी हलकं होऊन भरकटू लागतं. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक आधीच जास्त ताणलेले असतात. जादा ओझ्याखाली तुटायला लागतात तेही याच चाकाचे. त्याच सामानातले ८ किलो पुढच्या आसापाशी आणले, तर वाटणी ४१ आणि ६४ अशी होते. सामान नसतानाचं प्रमाण जवळपास हेच होतं.

पण हँडल जड होतं, त्याचं काय? होतं, हे खरंच आहे. किती आणि कसं, हे मात्र ओझं कुठे बसवलं यावर ठरतं. हँडल ज्या अक्षाभोवती वळतं, तो तिरका उतरत पुढच्या आसाजवळून जातो. हँडलसमोर बांधलेली पिशवी या अक्षाच्या बरीच पुढे लटकते आणि वळताना चाकाला आपल्याबरोबर खाली ओढते. आसाच्या उंचीवर दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या असल्या, तर एकीची ओढ दुसरी सावरते. दूधवाल्याच्या किटल्या कॅरियरच्या वर न ठेवता दोन्ही अंगांना लटकवलेल्या असतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. जडत्व उरतंच, त्यामुळे संथ वेगात वळताना हातांना थोडा जास्त जोर लावावा लागतो. पुढच्या भागातलं वस्तुमान कुठे आहे, ही बाब किरकोळ नाही. २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशी सायकल सादर केली, की जिच्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम रद्द केलेला असूनही ती स्वतःहून तोल सावरत होती. त्यात वस्तुमानाच्या मांडणीचा वाटा मोठा होता.

खरा आक्षेप आहे तो चिमट्याबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याबद्दल; पुढचं कॅरियर त्यालाच बसतं. मध्यावर आणि आसापाशी आटे पाडलेली भोकं असलेला पोलादी चिमटा या कामाला उत्तम. कार्बनच्या चिमट्याला अशी भोकं बहुधा नसतात, आणि त्याला क्लॅम्प आवळून कॅरियर बसवणं धोक्याचं आहे. तिथे हा बेत सोडून द्यावा. मागचं कॅरियर सुटलं तर बहुतेक वेळा सामान रस्त्यावर पडतं. पुढचं सुटून स्पोकमध्ये अडकलं, तर चाक जागीच थांबतं आणि स्वार हँडलवरून फेकला जातो. म्हणून ५ मिलिमीटरचे बोल्ट पूर्ण आट्यांत बसतील इतके लांब घ्यावेत, पण आतल्या बाजूने स्पोकला टेकू देऊ नयेत. आट्यांना थ्रेडलॉकर लावावा, हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकची केबल ताणली जात नाही ना ते बघावं, आणि पहिल्याच मुक्कामी सगळे बोल्ट ॲलन कीने पुन्हा तपासावेत.