वार्धक्यातील नवशिक्षण आणि बौद्धिक क्षमता

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. आयुर्मानातील वाढ हे विकासाचे यश होय. परंतु वाढलेली वर्षे स्वावलंबनाची ठरतात की परावलंबनाची, हे बव्हंशी स्मरण व आकलन किती टिकते यावर अवलंबून असते. 'भारतातील वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास' (लासी) या सर्वेक्षणाशी निगडित संशोधनानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांमध्ये व ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे. या पार्श्वभूमीवर, उतारवयात नवे काही शिकल्याने बौद्धिक क्षमतेस लाभ होतो काय, हा प्रश्न सार्वजनिक धोरणाचाही ठरतो.

सहसंबंध व कार्यकारणभाव

छंद जोपासणारे वृद्ध अधिक तल्लख आढळतात, एवढ्यावरून छंदामुळे बुद्धी तल्लख राहते असे सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी व प्रकृती मुळात चांगली, तेच नवे उपक्रम हाती घेत असण्याची शक्यता असते. म्हणूनच नियंत्रित प्रयोगांना महत्त्व आहे.

अमेरिकेत डॅलस येथील टेक्सास विद्यापीठाच्या डेनिस पार्क व सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ व्यक्तींवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल छायाचित्रण, गोधडीकाम किंवा दोन्ही शिकविण्यात आले. काही जण केवळ गप्पा, सहली आदींसाठी एकत्र येत, तर काही घरी संगीत ऐकणे, शब्दकोडी सोडविणे यांत वेळ घालवीत. नवे कौशल्य शिकणाऱ्यांच्या घटनास्मरणात सुधारणा दिसली. परिचित विरंगुळ्यातून तेवढा लाभ झाला नाही.

मात्र या लाभाला मर्यादा आहेत. २,८३२ वृद्धांवरील 'ॲक्टिव्ह' या अमेरिकी प्रयोगात (२००२) ज्या क्षमतेचे प्रशिक्षण दिले तीच प्रामुख्याने सुधारली. अन्य क्षमतांवर व दैनंदिन व्यवहारांवर विशेष परिणाम आढळला नाही. नवशिक्षण स्मृतिभ्रंश हमखास टाळते, असे यावरून म्हणता येत नाही.

भारतीय संदर्भ

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाशी निगडित १४ परिवर्तनीय घटक नमूद आहेत. अल्पशिक्षण, श्रवणदोष, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष व सामाजिक एकाकीपणा यांचा त्यांत समावेश होतो. ज्यांना बालपणी शाळा लाभली नाही अशा वृद्धांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, बाबतीत अक्षरओळख हेच सर्वांत मोठे नवे कौशल्य ठरते. केरळच्या कार्त्यायनी अम्मा यांनी २०१८ मध्ये ९६ व्या वर्षी राज्याच्या साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळविले. एका उदाहरणाने सिद्धांत प्रस्थापित होत नाही. पण शिकण्यास वयाची सीमा नसते, हे त्यातून निश्चित दिसते.

१५ वर्षांवरील निरक्षरांसाठीचा 'उल्लास' कार्यक्रम (२०२२ ते २०२७) आणि दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना चष्मे, श्रवणयंत्रे आदी साधने पुरविण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना यांची सांगड घालणे म्हणूनच उचित ठरेल. ज्यास फळ्यावरील अक्षर दिसत नाही वा शिक्षकाचा शब्द ऐकू येत नाही, त्याला वर्ग उपलब्ध असूनही शिक्षणाची संधी मिळाली असे म्हणता येणार नाही. वृद्धांवरील खर्चाकडे केवळ कल्याणकारी खर्च म्हणून न पाहता मानवी भांडवलाच्या जतनासाठी केलेली गुंतवणूक म्हणून पाहणे आवश्यक आहे.